थरच्या वाळवंटात बाईकवरून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सोलापूरची. तीन हिवाळे बाईक घेऊन थरच्या वाळवंटात जाऊन आले. पहिल्यांदा मैत्रीण होती, दोघींच्या दोन बाईक. नंतर दोनदा एकटी गेले. तेव्हापासून ओळखीचे, ओळखीच्यांचे ओळखीचे असे सगळे फोन करतात आणि तेच तेच विचारतात, म्हणून एकदाचं लिहून काढलंय. टायर आणि रस्ते यांचं थोडक्यात आहे, ते कुणीही सांगेल. माणसांचं जास्त आहे.

नेमका कुठला भाग? किती दिवस?

जोधपूर, फलोदी, पोखरण, जैसलमेर. तिथून वर रामगढ, तनोट, लोंगेवाला. मग परत खाली खुडी, म्याजलारच्या बाजूने बाडमेर आणि पुन्हा जोधपूर. आडवाटा धरून हजार-बाराशे किलोमीटर होतात. जैसलमेर ते तनोट १२० किलोमीटरच्या आसपास, जैसलमेर ते बाडमेर साधारण १५५. रस्ता इतका सरळ आणि मोकळा की आठवड्यात सहज उरकेल. उरकायचंच असेल तर उरका. मी दहा-बारा दिवस घेते, कारण तिथे दिवसाला १५० किलोमीटरच्या वर गेलं की माणसं भेटत नाहीत, फक्त दिसतात.

आणखी एक. वाळवंट म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे जैसलमेरजवळच्या सम गावचे वाळूचे डोंगर येतात. त्यांना तिकडे धोरे म्हणतात. ते आहेत, पण बराचसा थर म्हणजे खडकाळ, खुरट्या झुडपांचं माळरान. मधेच खेजडीची झाडं, हिवाळ्यात जिऱ्याची आणि इसबगोलाची शेतं, आणि दर काही मैलांवर एखादी ढाणी, म्हणजे आपली वाडी-वस्ती. जगातल्या सर्वांत दाट वस्तीच्या वाळवंटांत थर मोडतो. रिकामी दिसणारी जागा बहुतेक वेळा कुणाच्या तरी अंगणातली, कुरणातली किंवा देवाची असते. पुढची निम्मी उत्तरं यातूनच निघतात.

कधी जावं?

नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीचा शेवट. १९ मे २०१६ रोजी फलोदीला ५१ अंश सेल्सिअसची नोंद झाली होती, यावरून काय ते समजा. मार्चपासून ऊन चढतं आणि पुढे आंधी सुरू होते. वाळूच्या आंधीत दुचाकीवर सापडलात तर रस्त्याच्या कडेला उतरून बाईकच्या आडोशाला बसणं एवढंच हातात असतं.

हिवाळ्यातल्या थंडीला मात्र हसू नका. जानेवारीत पहाटे हँडलवरची बोटं आपली राहत नाहीत. आम्ही सोलापूरकर थंडीच्या नावाने मफलर गुंडाळणारे. मला तिकडे लोकरीच्या दोन थरांवर रेनकोट चढवून सकाळचे दोन तास काढावे लागले. दहानंतर हे सगळं उतरवून मागे बांधायचं.

बाईक चालवत न्यावी की रेल्वेने पाठवावी?

सोलापूरहून पुणे, अहमदाबाद, पालनपूर, पाली करत जोधपूर साधारण १,३५० किलोमीटर पडतं. तीन दिवस. एकदा चालवत गेले, नंतर पार्सलने पाठवली. पार्सल करताना टाकी रिकामी करून द्यावी लागते, आरसे काढून ठेवा, आरसीची प्रत बरोबर असू द्या. एकदा बाईक माझ्या आधी निघून माझ्यानंतर दोन दिवसांनी पोचली, तेव्हा हातात एखादा दिवस मोकळा ठेवा. चालवत जाणार असाल तर टाकी गुजरातमध्येच भरून घ्या, राजस्थानात पेट्रोल महाग आहे. आणि गुजरातेत दारूबंदी आहे, बॅगेतली बाटली घरीच राहू द्या.

वाटेत ओम बन्नाला थांबायचं का?

पाली-जोधपूर रस्त्यावर चोटिला गावाजवळ एका बुलेटचं देऊळ आहे, त्याबद्दल विचारताय. ओमसिंह राठोड हे १९८८ मध्ये तिथे अपघातात गेले. पोलिसांनी ठाण्यात नेलेली त्यांची बुलेट रात्रीतून पुन्हा अपघाताच्या जागी येऊन उभी राहायची, अशी कथा. ती बुलेट आज काचेच्या पेटीत आहे आणि लोक हार, नारळ, दारूसुद्धा वाहतात. मी थांबते. कथेवर विश्वास म्हणून नव्हे. तिथे ट्रकवाले, नवी नवरा-नवरी, शाळकरी पोरं सगळे बुलेटपुढे हात जोडून पुढच्या प्रवासासाठी थोडं सावध होतात, ते बघायला.

कोणती बाईक? मोठी लागते का?

नाही. माझी ३५० सीसी आहे, मैत्रिणीची १२५. वाळूत तिची कमी रुतली आणि रुतली तेव्हा दोघींना उचलता आली. तिकडे जी बाईक सगळे वापरतात, तिचे सुटे भाग आणि तिला हात लावू शकणारा मिस्त्री प्रत्येक गावात मिळतो. परदेशी, महागडी बाईक घेऊन गेलेल्यांना एका क्लच केबलसाठी जोधपूरच्या दोन वाऱ्या करताना पाहिलंय.

वाळूत बाईक कशी चालवायची?

डांबरी रस्त्यावर वाऱ्याने वाळूची जीभ आलेली असते, तिच्यावर ब्रेक मारायचा नाही. वेग आधीच कमी करायचा, हँडल सरळ, थ्रॉटल तसाच धरून पार व्हायचं. आत कच्च्यात शिरणार असाल तर टायरची हवा विसेक पीएसआयवर आणा, वजन मागे टाका आणि पुढचं चाक थोडं वळवळलं तर वळवळू द्या. घाबरून हँडल घट्ट आवळलंत की पडलात. पंप बरोबर हवाच, नाहीतर डांबरावर परत आल्यावर त्याच कमी हवेवर ऐंशीने जाऊन टायर फाडाल.

काटे भरपूर. विलायती बाभूळ इथेही आहेच. पंक्चर किट ठेवा. आणि भुरूट नावाचं एक गवत आहे, त्याची काटेरी फळं पायमोज्यात अशी शिरतात की रात्री चिमट्याने एकेक काढत बसावं लागतं. उंच बूट घाला.

अंधार पडल्यावर चालवू नका. थंडीच्या रात्री गाई उबेसाठी डांबरावर येऊन बसतात. उंटाचे पाय लांब आणि धड उंच, हेडलाइटच्या झोतात नुसते चार खांब दिसतात आणि ते खांब आहेत असंच वाटतं.

पेट्रोल?

मोठ्या रस्त्यावर अडचण नाही. तनोटकडे जाताना रामगढला टाकी भरा, पुढे पंपाचा भरवसा धरू नका.

सीमेजवळ परवानगी लागते का?

तनोट आणि लोंगेवालापर्यंत भारतीयांना आधारसारखं ओळखपत्र पुरतं. नाक्यावर विचारलं तर दाखवायचं. त्यापुढे सीमेकडे जायचं असेल तर सीमा सुरक्षा दलाची परवानगी लागते आणि नियम परिस्थितीनुसार बदलतात, तेव्हा जैसलमेरला चौकशी करून निघा. ड्रोन नेऊ नका. जवानांचे, चौक्यांचे, टॉवरचे फोटो काढू नका.

तनोट मातेचं देऊळ सीमा सुरक्षा दलच सांभाळतं. १९६५ च्या युद्धात देवळाच्या आवारात पडलेले आणि न फुटलेले तोफगोळे तिथे मांडून ठेवलेत. लोंगेवालाला ४ आणि ५ डिसेंबर १९७१ च्या रात्री मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या तुकडीने पाकिस्तानी रणगाडे पहाटेपर्यंत थोपवले आणि उजाडल्यावर जैसलमेरहून आपली हंटर विमानं आली. सिनेमा बघून आलेले लोक तिथे रणगाड्यावर चढून फोटो काढतात. मला तिथली वाळू बघून एवढंच वाटलं की हिच्यात माझी पावणेदोनशे किलोची बाईक रुतते, तर रणगाड्याचं काय झालं असेल.

अनोळखी ढाणीवर थांबायचं कसं? लोक काय म्हणतील?

हा खरा प्रश्न, आणि माझ्यापाशी याची पद्धत आहे.

इंजिन लांब बंद करा. दारापर्यंत गुरगुरत जायचं नाही. हेल्मेट काढा, चेहरा दिसू द्या. काळ्या काचेचं हेल्मेट घालून आलेल्या माणसाला कुणीही पाहुणा समजत नाही. काट्यांच्या कुंपणाबाहेर उभं राहून मोठ्याने ‘राम राम सा’ म्हणा. मुसलमान वस्ती असेल, आणि बाडमेर-जैसलमेरच्या सीमेकडे सिंधी मुसलमानांच्या खूप आहेत, तर ‘सलाम अलैकुम’. कुत्री भुंकतील, भुंकू द्या. कुणीतरी ‘पधारो’ किंवा ‘बिराजो’ म्हणेपर्यंत आत पाऊल टाकू नका.

मग प्रश्न सुरू होतात, आणि ते आपल्या आजीच्या गावच्यासारखेच असतात. कुठून आलात? जात कोणती? लग्न झालं का? पोरं किती? नवरा कुठाय? याला आगाऊपणा समजू नका. तिकडे माणूस कुठे बसवायचा, काय वाढायचं, कुणाशी बोलायला द्यायचं हे यावरून ठरतं. जातीचा प्रश्न मलाही टोचतो. मी ‘मराठी’ एवढंच सांगते, आणि बहुतेकदा ते चालून जातं, कारण पुढचं वाक्य असतं, ‘महाराष्ट्र? म्हारो भाई पुणे में है.’

हे खरंच होतं. जालोर, पाली, बाडमेरकडची कितीतरी पोरं मुंबई-पुण्यात दुकानांत कामाला आहेत. पोखरणच्या पुढे एका टपरीवर चहावाल्याने माझी एमएच १३ पाटी बघून थेट मराठीत विचारलं, ‘ताई, साखर कमी का?’ तो सात वर्षं भुलेश्वरला होता. त्याच्या मराठीत माझ्यापेक्षा जास्त मुंबई होती.

पाणी मागावं का? ते पिण्याजोगं असतं का?

मागावं. पण आधी हे वाचा.

दुसऱ्या खेपेला खुडीहून म्याजलारच्या दिशेने जात होते. दुपार. बाईक उभी करायला जागा शोधत होते, कारण वाळूत साइड स्टँड रुततं आणि बाईक आडवी होते. एका ढाणीबाहेर पांढऱ्या चुन्याचा बुटका घुमट दिसला आणि त्याच्याभोवती गोल, कडक, लख्ख झाडलेली जमीन. वा, म्हटलं, पार्किंग! लावली तिथे. हेल्मेट काढतेय तोवर आतून एक म्हातारी ओरडतच आली. ओढणी डोळ्यांवर, हातात खुरपं. मला वाटलं परकी बाई बघून चिडली. ती बाईककडे बोट दाखवी, मग माझ्या बुटांकडे, मग जमिनीकडे. ‘ओ आगोर है, बाई! आगोर!’

मागून तिचा नातू आला. त्याने सांगितलं ते असं. तो घुमट म्हणजे टांका, जमिनीखालचं पाण्याचं टाकं. भोवतीची गोल जागा म्हणजे आगोर. तिला टांक्याकडे उतार दिलेला असतो. पावसाळ्याच्या तोंडावर ती झाडून-सारवून ठेवायची, शेळ्या येऊ द्यायच्या नाहीत, आणि तिच्यावर चपला-बूट घालून कुणी, कुणीच जात नाही. आकाशातून जे पडेल ते या गोलावर पडून घुमटाच्या भोकांतून आत जातं, आणि घर तेच पितं. जैसलमेरच्या बाजूला वर्षभरात २०० मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस होतो. आमच्या दुष्काळी म्हणवणाऱ्या सोलापुरातसुद्धा याच्या तिप्पट पडतो.

मी त्या गोलावर बाईक लावली होती, आणि चेनच्या वंगणाचा रुपयाएवढा काळा ठिपका खाली पडला होता.

बाईक ढकलत बाहेर काढली. म्हातारीने खाली बसून खुरप्याने तो ठिपका, भोवतीच्या चार बोटं मातीसकट, खरवडला, पाटीत घेतला आणि कुंपणापलीकडे लांब टाकून आली. मग बादलीने पाणी शेंदलं, फडक्यातून गाळलं आणि लोटा माझ्यापुढे धरला. तोवर ती एक शब्द बोलली नव्हती. मी ओंजळीने प्यायले. पावसाचं पाणी, गोड. पुढचे दोन तास तिथेच गेले, जेवूनच निघाले, पण तो लोटा घेताना मान वर झाली नाही.

तेव्हापासून साइड स्टँडखाली ठेवायला एक चपटं पत्र्याचं झाकण बरोबर असतं. कुठेही उभी राहते, पण झाडलेल्या जमिनीवर नाही.

तिकडे पाण्याच्या तीन जाती मानतात. पालर म्हणजे थेट पावसाचं. पाताल म्हणजे खोल विहिरीचं, बऱ्याच ठिकाणी खारट आणि फ्लोराइडचं. आणि या दोघांच्या मधलं रेजाणी: काही भागांत वाळूखाली जिप्समचा थर असतो, तो पावसाचा ओलावा खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळू देत नाही. त्या थरापर्यंत माणूस जेमतेम बसून खणू शकेल इतकी अरुंद कुंई खणतात आणि थेंब-थेंब झिरपलेलं पाणी दिवसातून एकदा-दोनदा शेंदतात. आता पुष्कळ ठिकाणी नळ आणि टँकर आलेत. इंदिरा गांधी कालवा पंजाबातल्या हरिके बंधाऱ्यापासून ६४९ किलोमीटर वाहत जैसलमेरपर्यंत पोचलाय, त्याच्या काठी गहू आणि मोहरी डोलते. तरीही टांके झाडले जातात. नातवाला विचारलं, नळ आलाय ना? म्हणाला, ‘नळ तो सरकार रो है.’

पिण्याबद्दल: पालर पाणी मी सरळ पिते. पोट नाजूक असेल तर क्लोरीनच्या गोळ्या ठेवा, पण त्यांच्यासमोर लोट्यात टाकू नका. स्वतःजवळ रोज चार लिटर असू द्याच. पाणी मागणं हा बोलायचा मार्ग आहे, साठा भरायचा नव्हे. लोट्यात उरलेलं जमिनीवर ओतू नका, झाडाला किंवा जनावराच्या कुंडीत घाला. हात धुवायला पाणी मागताना मी आता दोनदा विचार करते. वाळूने घासून भांडी लख्ख होतात हे तिथेच पाहिलं.

जेवायला बसवलं तर? पैसे द्यायचे का?

बसवतीलच. याला मनवार म्हणतात. आपल्याकडच्या लग्नातला आग्रह आठवा आणि त्याला तिनाने गुणा. सोगरा, म्हणजे बाजरीची जाड भाकरी, त्यावर तुपाची धार, कढी, लसणाची चटणी, नशीब असेल तर केर-सांगरीची भाजी. ‘नको’ हा शब्द तिथे ऐकूच जात नाही. ताटावर दोन्ही हात आडवे धरायचे, तरी बोटांच्या फटीतून तूप येतं.

पैसे देऊ नका, वाईट दिसतं. होमस्टे असेल तर गोष्ट वेगळी, तिथे ठरल्याप्रमाणे द्या आणि घासाघीस करू नका. घरी काही न्यायचं तर गूळ, चहापत्ती, साखर. मी सोलापूरची शेंगा चटणी नेते. टिकते, सांडत नाही, आणि सोगऱ्याबरोबर अशी जमते की दोन ढाण्यांवर डबाच ठेवून घेतला. मुलांना गोळ्या-चॉकलेटं वाटत सुटू नका. पर्यटक जातात त्या रस्त्यांवर पोरं ‘पेन, पेन’ करत गाडीमागे धावतात, ती सवय आपल्यासारख्यांनीच लावलीय.

अफू देतात म्हणे?

काही भागांत पुरुषांच्या बैठकीत, ज्याला रियाण म्हणतात, तिथे पाहुण्याच्या स्वागताला अमल, म्हणजे पाण्यात घोटलेली अफू, ओंजळीत देण्याची जुनी चाल आहे. कायद्याने गुन्हा आहे, बाळगणाऱ्यालाही आणि घेणाऱ्यालाही. हात छातीशी नेऊन ‘माफी सा’ म्हटलं की पुरतं. कुणी मनाला लावून घेत नाही. ‘बघू तरी कशी लागते’ म्हणणाऱ्या शहाण्यांसाठी एवढंच, की पुढे शंभर किलोमीटर बाईक चालवायची आहे.

भाषा येत नाही. हिंदीवर भागतं का?

तरुणांशी भागतं. म्हाताऱ्यांशी, विशेषतः बायकांशी, थोडी मारवाडी लागते, आणि मराठी माणसाला ती वाटते त्यापेक्षा जवळची आहे. त्यांच्याकडे आपल्यासारखा ळ आहे, ण आहे. पाणी म्हणजे पाणीच. ‘कांई’ म्हणजे काय, ‘कठै’ म्हणजे कुठे, ‘अठै’ म्हणजे इथे. हिंदीवाल्यांना जो ळ जमत नाही तो आपल्या तोंडून निघाला की म्हातारी माणसं चमकून बघतात.

फसगतही होते. खुडीत एका घरी मी कौतुकाने म्हटलं, आमच्याकडेही भाकर असते, मला फार आवडते. सगळे गप्प. मग बासा, म्हणजे घरातले वडीलधारे, म्हणाले, ‘भाखर? अठै तो धोरा ई धोरा है.’ मारवाडीत भाखर म्हणजे डोंगर. मी डोंगर खाते असं त्या पोरांना अजून वाटत असेल.

बाई म्हणून एकटीने जावं का?

मी गेले, म्हणून सगळ्यांनी जावं असं नाही सांगणार. शहरांत, विशेषतः जैसलमेरला किल्ल्याखाली, मागे लागणारे, ‘मॅडम कॅमल सफारी’वाले, नको तितके सलगीने बोलणारे भेटले. ढाण्यांवर एकदाही नाही. उलट बाई असल्याचा फायदाच होतो: पुरुष पाहुण्याला पडवीपर्यंतच जाता येतं, मला थेट चुलीपाशी नेलं जातं. घुंगट आत गेल्यावर वर होतो आणि मग ज्या गप्पा होतात त्या इथे लिहिता येणार नाहीत. पुरुष रायडरांनी मात्र घरातल्या बायकांशी आपणहून बोलायला जाऊ नये, पाणी मागायचं तेही पुरुषाकडे किंवा पोरांकडे.

संध्याकाळी पाचनंतर मुक्काम ठरलेला असावा. घरी रोज ठिकाण कळवा. मधे रेंज जाते. शौचालयाची अडचण असेल तर बायकांना निःसंकोच विचारा, त्या सोबत येतात.

रात्री उघड्यावर तंबू ठोकला तर?

दोन कारणांसाठी नको. एक, जागा कुणाची हे तुम्हाला कळत नाही. ती ओरण असू शकते. ओरण म्हणजे आपली देवराईच: देवाच्या नावाने राखलेलं रान, जिथे गुरं चरतात पण झाड तोडत नाहीत. तिथलं लाकूड मोडून शेकोटी पेटवलीत तर गाव गोळा होईल आणि बरोबरच होईल.

दुसरं, पीवणा. हा साप रात्री छातीवर बसून माणसाचा श्वास पितो असं तिकडे मानतात. तो मण्यारीचा भाऊबंद. तो झोपेतच चावतो, दुखत फारसं नाही, आणि सकाळी श्वास बंद पडत आलेला असतो; म्हणून ‘श्वास पितो’. जमिनीवर झोपू नका. ढाणीवर खाट देतात, ती घ्या. सकाळी बूट उलटे करून झटका, विंचवासाठी.

बिश्नोई गावांत काही पाळायचं असतं का?

या पंथाचे संस्थापक जांभोजी यांनी १४८५ मध्ये घालून दिलेले २९ नियम, वीस आणि नऊ, म्हणून बिश्नोई. हिरवं झाड तोडायचं नाही, जनावर मारायचं नाही. जोधपूरजवळ खेजडलीत १७३० मध्ये राजाची माणसं खेजडी तोडायला आली तेव्हा अमृतादेवींसह ३६३ माणसांनी झाडांना मिठी मारून मान दिली. ही खेजडी म्हणजे आपली शमी. दसऱ्याला आपण तिची पूजा करून मोकळे होतो. पोचल्यावर ‘निवण प्रणाम’ म्हणा, हॉर्न वाजवू नका, चिंकारा किंवा काळवीट रस्त्यात असेल तर ते जाईपर्यंत थांबा. निळा रंग त्यांना वर्ज्य. माझं जॅकेट निळं होतं, कुणी बोललं नाही, मीच काढून ठेवलं.

मांगणियार गवयांचं गाणं कुठे ऐकायला मिळेल?

समच्या तंबूंत रोज रात्री मिळतं, सिनेगाण्यांत मिसळून. जमलं तर त्यांच्या गावात ऐका. जैसलमेरजवळचं हमीरा हे कमायचा या तंतुवाद्याचे वादक साकर खान यांचं गाव. त्यांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली होती. मांगणियार मुसलमान, त्यांचे पिढीजात यजमान बहुतेक राजपूत, आणि जन्मापासून लग्नापर्यंत यजमानाच्या घरची गाणी हेच गातात, त्यांच्या वंशावळी यांनाच पाठ. आंब्याच्या लाकडाचा, बकरीच्या कातड्याने मढवलेला कमायचा वाजायला लागला की पोटात कुठेतरी खर्ज लागतो. इथे मात्र पैसे द्यायचे, आधी ठरवून, नीट द्यायचे. हा त्यांचा व्यवसाय आहे, पाहुणचार नव्हे.

माळढोक दिसतो का?

या प्रश्नावर मी हळवी होते. आमच्या नान्नजला माळढोकाचं अभयारण्य आहे, आणि लहानपणी पाहिलेला पक्षी आता तिथे जवळजवळ राहिलेला नाही. जैसलमेरच्या डेझर्ट नॅशनल पार्कात, सुदासरीकडे, पहाटे लांबून एक दिसला. तिकडे त्याला गोडावण म्हणतात, तो राजस्थानचा राज्यपक्षी. जड अंगाचा, समोरचं नीट न दिसणारा हा पक्षी विजेच्या तारांना धडकून मरतो, आणि सौर-पवन प्रकल्पांच्या तारा त्याच माळावरून जातात. सम आणि रामदेवरा इथे त्यांची पिल्लं वाढवायची केंद्रं आहेत. बाईक पार्कात नेऊ नका, वनखात्याच्या परवानगीने जीपने जा. हमखास पक्षी हवे असतील तर फलोदीजवळचं खीचन: हिवाळ्यात गावकरी धान्य टाकतात आणि सकाळी हजारो कुरजां, आपले करकोचे, उतरतात.

फोटो काढू देतात का?

विचारा. बायका बहुधा नाही म्हणतात, पुरुष फेटा नीट करून उभे राहतात, पोरं बाईकवर चढतात. ‘पाठवते’ म्हणालात तर पाठवा. छापून, टपालाने. पत्ता पोरांकडून लिहून घ्या.

त्या आगोरवाल्या माजीसांनी स्वतःचा फोटो काढू दिला नाही. टांक्याचा काढ म्हणाल्या, आणि गाईचा. घरी आल्यावर छापून पाठवला. पुढच्या हिवाळ्यात गेले तर तो झोपडीत आरशाशेजारी चिकटवलेला होता: पांढरा घुमट, गाय, आणि मागे कोपऱ्यात, कुंपणाच्या बाहेर, माझी बाईक.